स्पीड टेस्टला ९५ एमबीपीएस, तरी पान उघडायला पाच सेकंद: डीएनएस बदलावं का, आणि कोणाच्या हाती द्यावं?

कोयनाकाठ (धागाकर्ती)

तीन आठवडे आमच्याकडे रोज रात्री साडेआठनंतर एकच प्रकार होत होता. कुठलंही संकेतस्थळ उघडायला गेलं की पांढरं पान आणि वर फिरणारा गोल. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग सगळं पान एकदम येतं. एकदा आलं की व्हिडिओ न अडखळता चालतो, मोठी फाइल झपाट्याने उतरते आणि स्पीड टेस्ट लावली तर १०० पैकी ९४-९६ दिसतात. फायबरवाल्याकडे तक्रार केली की माणूस येतो, राउटरचे दिवे बघतो, स्पीड टेस्ट दाखवतो, "ताई, लाईन ओके आहे" म्हणतो आणि जातो. त्याला दोष देत नाही. लाईन खरंच ओके होती.

शेवटी एका रात्री नऊला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलूकअप चालवलं, म्हणजे एका संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता कंपनीच्या डीएनएसला विचारला. उत्तर आलं: "डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट. टाइमआउट वॉज २ सेकंड्स." खाली पुन्हा तीच ओळ. त्यानंतर कुठे पत्ता मिळाला. हीच विचारणा ९.९.९.९ कडे, म्हणजे क्वाड९ या बाहेरच्या डीएनएस सेवेकडे, पाठवली तर एंटर दाबताक्षणी उत्तर. वेगवेगळी नावं घेऊन दहा-दहा वेळा केलं. कंपनीच्या डीएनएसने दहापैकी चार वेळा ताटकळत ठेवलं, क्वाड९ ने एकदाही नाही. सकाळी सहाला तीच चाचणी केली तर दोन्हीकडून झटकन उत्तरं आली. म्हणजे रात्री सगळा गाव नेटवर बसला की कंपनीचा डीएनएस सर्व्हर दमतो. नळाला पाणी भरपूर आहे, पण चावी उघडणारा माणूस जागेवर नाही, असं चाललं होतं.

राउटरमध्ये डीएनएस बदलला. त्या रात्रीपासून तो पाच सेकंदांचा खोळंबा गेला. स्पीड टेस्टचा आकडा मात्र तोच आहे, आणि हे मला ठळकपणे सांगायचंय. "हे दोन नंबर टाका, नेट दुप्पट पळेल" असे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. डीएनएसने पाइप रुंद होत नाही. पान उघडायच्या आधीची वाट बघणं तेवढं कमी होतं, तेही आधीचा डीएनएस खरोखर मंद असेल तरच.

दुसरी गोष्ट बाबांची. बदल केल्यानंतर चौथ्या दिवशी टपाल खात्याचं नाव वापरून त्यांना मेसेज आला: पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकलंय, २५ रुपये भरून पत्ता दुरुस्त करा. पुण्याहून भावाने औषधं पाठवली होती, त्यामुळे बाबांना खरंच वाटलं. त्यांनी लिंकवर बोट ठेवलं आणि पान उघडलंच नाही. "तुझं नेट बंद पडलंय" म्हणून मला हाक मारली. मी तेच नाव लॅपटॉपवर तपासलं. ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएसला, विचारलं तर पत्ता मिळत होता, ९.९.९.९ ला विचारलं तर "असं नावच नाही" असं उत्तर. क्वाड९ कडे फसव्या नावांची यादी असते आणि त्यातल्या नावाला ते पत्ताच देत नाहीत. बाबांचं बँकेचं कार्ड तोपर्यंत हातात होतं.

त्या दिवसापासून मला वाटतंय, की प्रश्न वेगाचा कमी आणि भरवशाचा जास्त आहे. घरातला प्रत्येक जण कुठे कुठे जातो ते डीएनएसवाल्याला कळतं. मग ही वही कोणाकडे द्यायची? गूगल, क्लाउडफ्लेअर, क्वाड९, ओपनडीएनएस यांपैकी काय वापरता, किती दिवसांपासून, आणि काही त्रास झाला का, ते लिहा. ज्यांना बदलून तोटा झाला त्यांनी तर जरूर लिहा.

मास्तर६२

ताई, चांगला विषय घेतलात. पण आमच्यासारख्यांसाठी डीएनएस म्हणजे काय ते दोन ओळींत सांगाल का? नातवाने फोनमध्ये काहीतरी नंबर टाकून दिलेत, ते काय करतात ते ठाऊक नाही.

कोयनाकाठ

मास्तर, संगणकाला नाव कळत नाही, आकडी पत्ता लागतो. समजा नवखा माणूस एका गावातलं घर शोधत निघालाय. एसटी स्टँडवर तो तालुका विचारतो, तालुक्याला पोचला की गाव विचारतो, गावात शिरला की वाडा विचारतो. प्रत्येकाला फक्त पुढचा माणूस माहीत असतो. इंटरनेटवर तसंच आहे. आधी मूळ सर्व्हर, ते डॉट कॉम किंवा डॉट इनच्या सर्व्हरकडे बोट दाखवतात, ते त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या सर्व्हरकडे. ही पद्धत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी सगळी नावं एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत आणि ती फाइल सगळ्यांनी उतरवून घ्यायची.

आपला फोन मात्र इतकी पायपीट करत नाही. तो एकाच हुशार माणसाला विचारतो आणि हिंडायचं काम तो करतो. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. ज्याच्याकडून नेट घेतलंय त्याचा रिझॉल्व्हर आपोआप मिळतो. तुमच्या नातवाने टाकलेले आकडे म्हणजे दुसऱ्या रिझॉल्व्हरचा पत्ता. एकदा मिळालेलं उत्तर काही काळ लक्षातही ठेवलं जातं, ब्राउझरमध्ये, फोनमध्ये, रिझॉल्व्हरमध्ये. ते किती काळ ठेवायचं ते त्या संकेतस्थळानेच ठरवलेलं असतं. म्हणून डीएनएस बदलल्यावर फरक जाणवला नाही तर घाई करू नका, लक्षात ठेवलेली उत्तरं आधी संपायला हवीत.

बोरीबंदर

तोट्याचा अनुभव माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने राउटरवर दुसरा डीएनएस लावला. पानं उघडायला काही फरक नाही, पण क्रिकेटचा सामना बघताना चित्र धूसर व्हायला लागलं, तेही फक्त एकाच ॲपमध्ये. आठवडाभर डोकं खाजवलं, मग कारण सापडलं. मोठ्या सेवांचे सर्व्हर गावोगावी असतात, कधी कधी आपल्या नेटवाल्याच्याच खोलीत ठेवलेले. तुम्हाला जवळचा सर्व्हर द्यायचा की लांबचा, हे बऱ्याचदा डीएनएसच्या उत्तरातूनच ठरतं. आणि ते ठरवणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, विचारणारा रिझॉल्व्हर दिसतो. माझा रिझॉल्व्हर बाहेरून विचारत होता, म्हणून मला बाहेरचा सर्व्हर मिळत होता.

यावर तोडगा आहे. रिझॉल्व्हर तुमच्या आकडी पत्त्याचा पहिला भाग पुढे पाठवतो, म्हणजे तुम्ही साधारण कुठले ते समोरच्याला कळतं. गूगल हे करतं. क्लाउडफ्लेअर मुद्दाम करत नाही, कारण त्यात तुमची थोडी ओळख पुढे जाते. क्वाड९ च्या ९.९.९.९ वर ते बंद आहे आणि ९.९.९.११ वर चालू. मी ८.८.८.८ वर गेलो आणि चित्र सुधारलं. म्हणजे गोपनीयता थोडी सोडली की वेग मिळतो, ती पूर्ण राखायची तर कधी कधी वेग जातो. दोन्ही एकदम मिळेल असं मी तरी कोणाला सांगणार नाही.

आणखी एक. ९.९.९.९ हा एकच आकडा जगभरच्या अनेक शहरांतून एकाच वेळी जाहीर केलेला असतो, आणि तुमची विचारणा कुठल्या शहरात उतरणार हे तुमच्या नेटवाल्याच्या वाटांवर अवलंबून असतं. माझ्या घरून १.१.१.१ चा (क्लाउडफ्लेअरचा) पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, ४ मिलिसेकंद, ९.९.९.९ चा मात्र ६० च्या वर. ताईंकडे उलटंही असू शकेल. तेव्हा दुसऱ्याच्या घरचा आकडा बघून ठरवू नका, आपल्या घरून मोजा, आणि रात्री मोजा.

रानजाई

माझा प्रश्न मुलांचा. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठ. नको ती पानं उघडू नयेत म्हणून मी राउटरवर पहिला डीएनएस १.१.१.३, म्हणजे क्लाउडफ्लेअरचा गाळणीवाला, टाकलाय आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा चालेल. तरी परवा मुलाच्या टॅबवर नको ते उघडलं. मी स्वतः लावलं होतं म्हणून निर्धास्त होते, त्यामुळे जास्त लागलं. कुठे चुकलं?

डोंगरवाट

रानजाईताई, चूक त्या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि ही चूक खूप जणांची होते. आपल्याला वाटतं पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारलं जातं. तसं नसतं. बरीच उपकरणं दोघांपैकी कुणालाही विचारतात, किंवा पहिल्याने जरा उशीर केला की दुसऱ्याकडे जातात. १.१.१.३ ने नाही म्हटलं तरी ८.८.८.८ ने पत्ता दिला, झालं. गाळणी लावायची तर दोन्ही जागी गाळणीच हवी. १.१.१.३ चा जोडीदार १.०.०.३ आहे. ओपनडीएनएसच्या फॅमिलीशील्डचे २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३.

दुसरी गळती आयपीव्ही६ ची, म्हणजे आकडी पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. आजकाल बहुतेक कनेक्शनला ते चालू असतं, आणि तुम्ही राउटरवर फक्त जुन्या पद्धतीचे आकडे बदलले असतील तर टॅब नव्या पद्धतीने नेटवाल्याच्याच डीएनएसला विचारत राहतो. राउटरच्या आयपीव्ही६ च्या पानावरही बदल करावा लागतो. तरीही सांगतो, मुलाने मोबाइल डेटा चालू केला की राउटरवरचं सगळं व्यर्थ. डीएनएस हे दाराचं कडी-कुलूप आहे, मुलांशी बोलायचं काम ते करत नाही.

आता सुरक्षेचं थोडं सविस्तर, कारण माझं कामच दुकानं आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळायचं आहे.

साधा डीएनएस पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाटेतला कोणीही वाचू शकतो आणि खोटं उत्तरही घुसवू शकतो. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिलं, की रिझॉल्व्हरच्या स्मरणात खोटा पत्ता घुसवणं वाटलं होतं त्याहून फार सोपं आहे. त्या जुलैत जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन दुरुस्ती सोडली. उत्तरावर डिजिटल सही असावी म्हणून डीएनएससेक आहे. २०१० मध्ये मूळ सर्व्हरच्या यादीवर अशी सही झाली. गूगल, क्लाउडफ्लेअर, क्वाड९ तिघेही ती सही तपासतात. पण सही असली तरी पोस्टकार्ड उघडंच राहतं. ते लिफाफ्यात घालायचं, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असं पाठवायचं, तर डीओटी किंवा डीओएच या दोन पद्धतींपैकी एक हवी. पहिलं पोर्ट ८५३ वरून (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार) जातं आणि सहज ओळखू येतं, म्हणून काही ऑफिसांत अडवलेलं असतं. दुसरं पोर्ट ४४३ वरून, नेहमीच्या वेबच्या गर्दीत मिसळून जातं.

एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात एका कापड दुकानात बोलावलं. बिलिंगच्या संगणकावर बँकेचं पान उघडलं की सर्टिफिकेटची सूचना यायची, म्हणजे हे पान खरंच बँकेचं आहे याची खात्री नाही असा इशारा. मालकांनी दोन वेळा विंडोज नव्याने टाकून घेतलं होतं, अँटिव्हायरसही विकत घेतला होता. मी फोनवर त्यांच्याच वायफायमधून तेच पान उघडलं, तिथेही सूचना. म्हणजे दोष संगणकात नव्हता. राउटरमध्ये शिरलो. पासवर्ड कारखान्यातून आला तोच, ॲडमिन-ॲडमिन. डीएनएसच्या रकान्यात असे दोन आकडे होते जे ना नेटवाल्याचे, ना कुठल्या नावाजलेल्या सेवेचे. कोणीतरी बाहेरून शिरून बदलले होते, आणि दुकानातल्या सगळ्यांच्या विचारणा कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरकडे जात होत्या. मालक त्या सूचनेवर "पुढे जा" दाबत नव्हते म्हणून वाचले.

हे नवं नाही. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने एस्टोनियातली एक टोळी पकडली, तिने सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस असेच वळवले होते. ते सर्व्हर लगेच बंद केले असते तर एवढ्या लोकांचं नेटच ठप्प झालं असतं, म्हणून ९ जुलै २०१२ पर्यंत त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर चालवावे लागले. तेव्हा कुठला डीएनएस चांगला हे ठरवण्याआधी राउटरचा पासवर्ड बदला आणि त्या रकान्यात आत्ता काय लिहिलंय ते वाचा. हे काम आज रात्रीच करा.

लिमातकाठ

मी झुरिकमध्ये असते, म्हणून क्वाड९ बद्दल थोडं लिहिते. ती ना-नफा संस्था आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाउस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांच्या पुढाकाराने, आणि २०२१ मध्ये मुख्यालय इथे स्वित्झर्लंडमध्ये आणलं, इथल्या गोपनीयतेच्या कायद्याखाली येता यावं म्हणून. त्याच वर्षी सोनी म्युझिकने जर्मनीत त्यांच्यावर दावा लावला, की अमुक एका चोरीच्या गाण्यांच्या ठिकाणाचा पत्ता देऊ नका. खालच्या न्यायालयांत क्वाड९ हरलं, डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात जिंकलं.

फ्रान्समध्ये २०२४ साली उलटा निकाल लागला. खेळांचं चोरटं प्रक्षेपण करणारी ठिकाणं अडवा, असा आदेश पॅरिसच्या न्यायालयाने गूगल, क्लाउडफ्लेअर आणि ओपनडीएनएस चालवणाऱ्या सिस्कोला दिला. सिस्कोने तिथे ओपनडीएनएस देणंच थांबवलं. तिथे ओपनडीएनएस वापरणाऱ्यांचं नेट एके दिवशी अचानक चालेना, कारण राउटरमध्ये वर्षानुवर्षं तेच आकडे होते. हे एवढ्यासाठी सांगतेय, की बाहेरचा डीएनएस म्हणजे कायद्याच्या बाहेरची जागा नव्हे, आणि तो कायम तिथे असेलच असंही नाही.

वही कोण किती दिवस ठेवतं, हेही विचारलंय. गूगलच्या धोरणाप्रमाणे तुमचा पूर्ण आकडी पत्ता असलेली नोंद २४ ते ४८ तासांत पुसली जाते, पत्ता काढून टाकलेल्या काही नोंदी कायम राहतात. क्लाउडफ्लेअर २५ तासांत पुसतो म्हणतं आणि त्याचं बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून परीक्षण करून घेतलेलं आहे. क्वाड९ तुमचा पत्ता नोंदवतच नाही म्हणतं. हे सगळे लेखी शब्द आहेत. तुमच्या नेटवाल्याने असा लेखी शब्द कधी दिलाय का, ते मात्र बघा.

बोरीबंदर

लिमातकाठताई, माहितीबद्दल आभार. एक जोडतो. डीएनएस लिफाफ्यात घातला तरी नेटवाला आंधळा होत नाही. तुम्ही ज्या पत्त्याशी जोडले जाता तो त्याला दिसतो, आणि जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचं नावही बहुतेक वेळा उघडंच जातं. त्यामुळे "आता मला कोणी बघत नाही" असं कोणी समजू नये.

आणि एकाच सेवेवर विसंबू नका. १५ जुलै २०२५ च्या पहाटे, आपल्याकडे साडेतीनच्या सुमारास, १.१.१.१ जगभर तासभर बंद होतं. त्यांच्याच मांडणीतल्या चुकीमुळे. गंमत अशी, की डीओएच वापरणारे बरेचसे वाचले, कारण ते आकड्याने नाही तर नावाने जोडलेले होते.

डोंगरवाट

अजून एक तपासणी, अगदी सोपी. काही नेटवाले पोर्ट ५३ वरची, म्हणजे साध्या डीएनएसची, प्रत्येक विचारणा मध्येच पकडून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवतात. तुम्ही ९.९.९.९ टाकून खूश, उत्तर मात्र त्यांचंच. १९२.०.२.१ हा पत्ता फक्त पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कोणी राहत नाही. एनएसलूकअप लिहून कुठलंही संकेतस्थळ, मग जागा सोडून हा आकडा टाका (आकडे इंग्रजीतच टाकायचे). उत्तर यायलाच नको. आलं, तर मध्ये कोणीतरी बसलाय, आणि मग राउटरवर आकडे बदलून उपयोग नाही, डीओटी किंवा डीओएचच लागेल.

कोयनाकाठ

आत्ताच केलं. तीन वेळा टाइम्ड आउट. आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ बघून बरं वाटलं.

मास्तर६२

मी फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधलं, पण तिथे ९.९.९.९ घेतच नाही. सेव्हचं बटण फिकं राहतं.

डोंगरवाट

मास्तर, तिथे आकडा नाही, नाव टाकायचं. इंग्रजीत डीएनएस, टिंब, क्वाड आणि त्याला लागूनच ९, टिंब, नेट. सगळं लहान लिपीत, मध्ये जागा नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या सगळ्या फोनमध्ये ही सोय आहे. सॅमसंगमध्ये ती कनेक्शन्स, मग मोअर कनेक्शन सेटिंग्जमध्ये सापडेल. याचा फायदा असा, की घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलात तरी ते लागू राहतं. आयफोनवर प्रत्येक वायफायसाठी वेगळे आकडे टाकावे लागतात. लिफाफ्यातलं हवं असेल तर त्या सेवेचं ॲप किंवा प्रोफाइल घ्यावं लागतं.

स्टेशनवर किंवा हॉटेलात फुकट वायफायचं लॉगिन पान येईना झालं, तर तेवढ्यापुरतं ते ऑटोमॅटिकवर ठेवा, लॉगिन झालं की परत लावा.

रानजाई

दोन्ही जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ केलं, आयपीव्ही६ च्या पानावरही बदललं. मुलाला शेजारी बसवून केलं. त्यानेच मला विचारलं, "आई, मग मोबाइल डेटावर काय?" तेव्हा तासभर बोललो आम्ही. डोंगरवाटदादा, तुमचं ते वाक्य मनात होतं.

कोयनाकाठ

अकरा दिवसांनी धागा वर काढतेय, कारण दोन गोष्टी झाल्या.

फायबरवाल्याचा माणूस परत आला, दुसऱ्या कुणाच्या तक्रारीसाठी, आमच्याच बिल्डिंगमध्ये. त्याला रात्री नऊला वर बोलावलं, चहा दिला आणि त्याच्यासमोर त्यांच्या डीएनएसला विचारलं. टाइम्ड आउट, टाइम्ड आउट, उत्तर. त्याने फोटो काढला. पाच दिवसांनी त्यांचा सर्व्हर रात्रीसुद्धा व्यवस्थित उत्तर द्यायला लागला, उलट आता तो क्वाड९ पेक्षा पाच-सहा मिलिसेकंदांनी जलदच आहे. बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांना राउटरला हात न लावता फायदा झाला.

दुसरं बाबांचं. त्यांना तसाच मेसेज परत आला. या वेळी ते बाजारात होते, मोबाइल डेटावर, आणि त्यांच्या फोनवर मी काहीच लावलं नव्हतं. पान उघडलं. नाव, पत्ता भरून झाला, कार्डाच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांना मागचा प्रसंग आठवला आणि त्यांनी मला फोन केला. घरी आल्यावर ते नाव ९.९.९.९ ला विचारलं, तर त्यानेही पत्ता दिला. इतकं नवं होतं, की यादीत आलंच नव्हतं. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे.

राउटरवर मी क्वाड९ च ठेवलंय, पाच मिलिसेकंद मला चालतील. बाबांच्या फोनवर प्रायव्हेट डीएनएस लावलं. आणि फोनच्या कव्हरच्या आत त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी घातली आहे: "पैसे मागितले की आधी घरी फोन."